एकतर पाचर, न्हायतर पाणी

मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवर मधल्या बोटाचं पेर वाजवायचे. टक, टक. मग मान तिरकी करून कान द्यायचे. आतल्या माणसांना वाटायचं, पाहुणे दार वाजवताहेत. ती "या, या" म्हणायची. मिस्त्रींचं बोलणं मात्र चौकटीशी चाललेलं असायचं. "वाळवी लागलीय. आतनं गेलीय ही," असं घरमालकाच्या तोंडावर सांगून मग ते चहाला बसायचे.

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला मंडळी आली होती तेव्हा शेजारी म्हणून आम्ही त्यांना बोलावलं. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या, सगळे तोंडं सांभाळून बोलत होते, आणि मिस्त्रींनी भर बैठकीत आमची चौकट वाजवली. "दोन पावसाळे काढंल," ते म्हणाले. मी डोळे वटारले, त्यांना ते दिसलेही नाहीत. स्थळ जमलं. चौकट दुसऱ्या पावसाळ्यात, भाद्रपदात निखळली. तेव्हापासून त्यांनी आमच्या घरातलं काहीही वाजवलं की आई हात जोडायची.

स्वतःच्या घरालाही यातून सूट नव्हती. संध्याकाळी कामावरून आले की ते आपल्याच चौकटीवर टकटक करायचे आणि आतून त्यांच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, आवाज यायचा, "पक्की हाय. या." येडशीत स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. हा आवाज आला की मी वह्या तपासणं थांबवायचो, इतका तो वेळेवर यायचा.

ते बैलगाड्या करायचे. अशी चाकं की ईटपासून अणदूरपर्यंतची माणसं गाडी घेऊन त्यांच्या दारी यायची. उन्हाळ्यात आमच्याकडं लाकूड आटतं, चाकाचे आरे खुळखुळायला लागतात, वरची लोखंडी धाव सुटते. त्यावर दोन उपाय. चाक ओढ्यात नाहीतर हौदात बुडवून ठेवायचं, म्हणजे लाकूड फुगून आपोआप घट्ट होतं. किंवा सांध्यात पाचर ठोकायची. मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचे, "एकतर पाचर, न्हायतर पाणी. दोन्ही करायचं न्हाय."

ईटच्या एका शेतकऱ्यानं दोन्ही केलं. मिस्त्रींनी पाचरी मारून दिल्या होत्या, त्यानं घरी जाऊन वर चाक हौदात टाकलं. चार दिवसांनी बाजाराच्या वाटेवर ते फुटलं, आणि गडी पोत्यात तुकडे भरून आला. मला वाटलं, आता मिस्त्री त्याला सोलणार. पण त्यांनी एकेक तुकडा हातात घेऊन वाजवून बघितला आणि म्हणाले, "लाकडाची काय चूक? फुगायला जागाच ठेवली न्हाय तुम्ही त्याला." मग दोन दिवस बसून नवं चाक करून दिलं. हे चाक लक्षात ठेवा.

पुढं रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले. मिस्त्रींच्या हातात पोळपाट आणि पलंग उरले. तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण रंधा मारताना ते बोलेनासे झाले. लाकडाशीसुद्धा. तो एक हिवाळा मला फार जड गेला.

त्याच हिवाळ्यात ते मुलीकडं कोकणात गेले. जावई एसटीच्या आगारात नोकरीला, खाडीकाठच्या गावात बिऱ्हाड. आठ दिवसांसाठी गेलेला माणूस महिन्यानं परत आला तो नुसता बोलतच आला. भिंतीवरून हाक मारली, "गुरुजी, तुम्ही भूगोल शिकवता न्हवं? समुद्र बघितलाय का?"

मी बघितला नव्हता. बावीस वर्षं निळ्या खडूनं फळ्यावर समुद्र रंगवत होतो, पण गेलो नव्हतो. मी विषय बदलायला बघितलं. ते खो खो हसले आणि मोबाईलवर एक फोटो दाखवला. खाडीच्या चिखलात एका कुशीवर पडलेली होडी. इंग्रजांच्या वेळी कुणा साहेबानं हौसेनं फिरायला बांधलेली शिडाची होडी, पंचवीसेक फूट लांब, वरून काळी पडलेली, पोटात खेकडे. मालकाचा नातू म्हणाला होता, न्या, जळणाला तरी होईल.

"म्या वाजवून बघितली," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले. "जित्ती हाय अजून. सागवान हाय गुरुजी, सागवान!"

त्यानंतर चार वर्षं दिवाळी झाली की हा माणूस कोकणात जायचा आणि पावसाच्या आधी परत यायचा. होडीच्या पोटातल्या फासळ्या कुजल्या होत्या, आणि फासळ्यांना जन्मतःच वाकडं असलेलं लाकूड लागतं. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर ते मोडतं. कोकणात माणसं हे कुठून आणायचं म्हणून बसलेली. आमच्याकडं वाकड्या बाभळींना काय तोटा? नांगरासाठी म्हणून कुणाच्या बांधावर कुठली बाभूळ कशी वळलीय हे मिस्त्रींना तोंडपाठ होतं. बारा फासळ्यांसाठी त्यांनी बारा झाडं हेरली. तुरीच्या पोत्यांच्या ट्रकवर ती वाकडी खोडं चढवताना आमच्या गावानं त्यांची यथेच्छ थट्टा केली. "मिस्त्री, कोकणात सरपण न्हाय व्हय?" ते म्हणायचे, "हाय की. पण सरळ हाय बिचारं."

फळ्यांच्या फटींमध्ये कापसाचे पीळ ठोकतात आणि वरून राळ लावतात. ते पीळ वहिनींनी वळले. दुपारी जेवणं झाली की ओट्यावर पाय पसरून मांडीवर कापूस वळत बसायच्या. "आजवर देवाच्या वाती वळल्या, आता होडीच्या वळते," म्हणायच्या. त्यांनी होडी बघितली होती ती फक्त मोबाईलवर. घरी दोन म्हशी, त्या टाकून बाईमाणूस कुठं जाणार? मिस्त्री दरवर्षी निघताना म्हणायचे, "तरंगू दे एकदा. मग हिला बसवून आणतो." त्यांनी ती होडी बांधली ती लाकडाच्या मायेनं, हे खरंच. पण तिच्यात वहिनींना बसवायचं, हे पहिल्या वर्षापासून त्यांच्या मनात होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

पाण्यात उतरवायच्या दिवशी मी गेलो होतो. माझा पहिला समुद्र. मी काय बोललो ते सांगत नाही, भूगोलाच्या शिक्षकाला शोभणारं नव्हतं. मिस्त्रींनी नव्या गाडीची करतात तशी होडीची पूजा केली. हळदकुंकू, नारळ, कडुलिंबाचा डहाळा. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, तेही त्यांनी आणलं होतं, आणि चाकच नाही म्हणून ते हातात धरून इकडंतिकडं बघत राहिले. शेवटी तिथले म्हातारे तांडेल, ज्यांनी त्यांना शीड आणि दोर शिकवले होते, हसत म्हणाले, "द्या इकडं. सरबत करू." होडीचं नाव ठेवलं कपिला. त्यांच्या घरच्या पहिल्या गाईचं नाव.

कपिला तरंगली. पांढरं शीड वर गेलं तेव्हा काठावरच्या कोळणींनी टोपल्या खाली ठेवल्या. मिस्त्रींना पोहता येत नव्हतं. ते आत बसले ते एका बाभळीच्या फासळीवर तळवा ठेवून, आणि परत येईपर्यंत तो उचलला नाही. "ही अणदूरची," मला म्हणाले. "खंडोबाच्या वाटंवरची. हिला पाणी कधी गुडघाभर मिळालं न्हवतं बगा." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, लपवत नाही.

कपिला दोन हिवाळे चालली, आणि दोन्ही वेळा म्हशींपायी वहिनींचं जाणं राहिलं. तिसऱ्या वर्षी न्यायचं असं वहिनींचंही ठरलं, म्हशींसाठी पुतण्याला सांगूनही झालं, आणि त्या गोठ्यात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं, मग वर्षभर खाट. मिस्त्री त्या वर्षी कोकणात गेले नाहीत. स्वयंपाक केला, धारा काढल्या, वहिनींची वेणीसुद्धा घातली, आणि ती इतकी घट्ट की त्या ओरडायच्या, "अहो, धाव चढवताय का?" मी अशी सेवा केलेली दुसऱ्या कुणाची बघितली नाही. होडी तिकडं पत्र्याच्या शेडखाली कोरडी पडून होती.

खाटेवर पडल्या पडल्या वहिनींनी काय केलं असेल? वर्षभर वाती वळल्या. दोन पोती भरली. पुढच्या दिवाळीला त्या काठी न घेता चालायला लागल्या, आणि मिस्त्री ती दोन्ही पोती घेऊन पुढं गेले. आठ-दहा दिवसांनी मी वहिनींना घेऊन यायचं असं ठरलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. दीड वर्ष पाणी लागलं नव्हतं, वर ऑक्टोबरचा पत्रा. होडी आटली होती. "आत हुबा राह्यलो तर फटीतनं उजेड येतोय गुरुजी. पण तुम्ही हिला बोलू नका. हिच्या पायाला थेंब लागू द्यायचा न्हाय म्या." तांडेल तेव्हा मासेमारीला बाहेर गेले होते. त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा फोन. "उतरवली! एक थेंब न्हाय आत, एक थेंब!" मागून लाटांचा आवाज येत होता आणि मिस्त्री पोरासारखे हसत होते. मी वहिनींना फोन दिला. त्या नुसत्या "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या आणि पदरानं तोंड पुसत राहिल्या.

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. वहिनींनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. लेक आमच्याबरोबर होती. मिस्त्री, जावई आणि आदल्या दिवशी परतलेले तांडेल असे तिघं वरच्या खाडीतून होडी घेऊन धक्क्यावर येणार होते. वारा चांगला होता म्हणून आधी खाडीच्या तोंडाबाहेर एक फेरी मारतो, असा जावयाचा फोन लेकीला आला होता. आम्ही उभे राहिलो. मी वहिनींना भरती-ओहोटी समजावत होतो, त्या ऐकल्यासारखं करत होत्या. दूरवर पांढरं दिसलं की मी म्हणायचो, "ती बघा." ते बगळे असायचे.

पाचच्या पुढं एक मासेमारीची लाँच आली. तीत तिघंही होते, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. कपिला नव्हती.

काय झालं ते जावयानं नंतर सांगितलं. खाडीच्या तोंडाबाहेर लाटा होत्या, पण होडीनं पूर्वी सोसल्या होत्या तशाच. एकदम पोटात 'काट्' असा आवाज झाला. मिस्त्री उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गेली." तोवर पाण्याचा टिपूस आत नव्हता. मग खालची एक फळी फासळ्यांवरून सुटून बाहेर आली, आणि पाणी काढायला भांडं शोधेपर्यंत गुडघ्याला लागलं. लाँचवाल्यांनी तिघांना ओढून घेतलं, होडीलाही दोर लावला. तळाला लोखंडाचं ओझं होतं, त्यामुळं ती थोडा वेळही तरंगत राहिली नाही. दोर तोडावा लागला. तो मिस्त्रींनीच तोडला म्हणे. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

धक्क्यावर उतरून ते सरळ वहिनींपाशी आले. पायात चपला नव्हत्या. "कपिला गेली," ते म्हणाले. "चूक माझी हाय." वहिनींनी त्यांचं डोकं पदरानं खसाखसा पुसलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आला न्हवं? झालं मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी अंथरुणातून उठणार नाही असं मला वाटलं होतं. मिस्त्री आंघोळ करून तयार. "एवढ्या लांब आलीया, बसल्याबिगर जाती का?" त्यांनी तांडेलांची साधी मासेमारीची होडी मागितली, वहिनींना हात धरून तीत बसवलं, शेजारी स्वतः बसले. मीही होतो, लेकही होती. होडीच्या तळाशी पाणी होतं, वहिनींची पावलं भिजली. त्या दचकल्या तशी तांडेल डब्यानं पाणी बाहेर टाकत सहज म्हणाले, "राहू दे वहिनी. थोडं पाणी येऊ द्यायचं असतं होडीत. त्यानंच फळ्या घट्ट राहतात." मिस्त्रींनी मान खाली घातली. वहिनी मात्र पाणी हातात घेत होत्या, लेकीला दाखवत होत्या, एकदा तर त्यांनी चव बघून तोंड वाकडं केलं. मिस्त्री त्यांच्याकडं बघून हसले. आदल्या दिवशी सात वर्षांची होडी गमावलेला माणूस असं हसू शकतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो.

परतीला आम्ही कोल्हापूरहून सकाळची सोलापूरची एसटी धरली. वहिनी पुढच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. सांगोल्याच्या पुढं कुठंतरी मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, ईटवाल्याचं चाक आठवतंय का?"

मी म्हणालो, "आठवतंय."

"तेच केलं म्या. फटी दिसल्या म्हणून ठोकून ठोकून कापूस भरला आणि मग पाण्यात टाकली. फुगायला जागाच ठेवली न्हाय."

जन्मभर जगाला बजावत आलेला माणूस! "अहो, तुम्हाला कळलं नाही?"

"कळत व्हतं की. अर्ध्या पोत्यातच काम झालं व्हतं." ते पुढच्या सीटकडं बघत होते. "पण हिनं वरीसभर खाटंवर पडून वळल्या व्हत्या गुरुजी. दुखत असताना वळल्या. कुठली वात माघारी आणू? समद्या मारल्या." मग माझा हात धरून म्हणाले, "हिला हे कदी कळू द्यायचं न्हाय. शब्द द्या."

मी दिला.

त्यानंतर ते पाच वर्षं जगले. गावात कुणी म्हणायचं, समुद्राला काय दया असते का, तर ते लगेच सांगायचे, "त्याला नावं ठेवू नका. दोन हिवाळे त्यानं अंगाखांद्यावर खेळवली. चूक माझी." काय चूक ते कधी सांगितलं नाही. उलट वहिनी जवळपास असल्या की मुद्दाम आवाज चढवून म्हणायचे, "हिच्या वातीमुळं थेंब आत येत न्हवता, थेंब!" वहिनी खाली बघून कापूस वळत राहायच्या. मला वाटायचं, लाजताहेत. हिवाळ्यात ते कोकणात जातच राहिले. तांडेलांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या होड्यांना आमच्याकडच्या वाकड्या बाभळीच्या फासळ्या बसवून द्यायचे. दर वेळी तिथल्या माणसांना बजावायचे, आधी भिजू द्या, मग फटी बघा. मागच्या श्रावणात दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत.

महिन्याभरानं मी वहिनींकडं बसायला गेलो. त्या ओट्यावर वाती वळत होत्या. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्या एकदम म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही शब्द लई पाळला हो."

मी म्हणालो, "कसला शब्द?"

"बसमदी म्या झोपले न्हवते."

पाच वर्षं ते दोघं एकमेकांसमोर जेवले, म्हशी धुतल्या, भांडले, आणि मधे मी शहाणा गुपित सांभाळत बसलेलो. शेवटी विचारलं, "मग त्यांना बोलला का नाहीत कधी?"

"त्यांनी एवढ्या मायेनं झाकलेलं. म्या कशाला उघडू?" त्यांनी वळलेल्या वातींची जुडी बांधली आणि माझ्यापुढं धरली. "घरी घेऊन जा. माज्याकडनं जास्तच होतात."

जुडी घेऊन मी उठलो. निघताना चौकटीपाशी पाय अडखळला, आणि कसं कोण जाणे, माझं बोट तिच्यावर वाजलं. टक, टक.

आतून, वातींवरून मान न उचलता, वहिनी म्हणाल्या, "पक्की हाय. या."